शाळेतून आल्यावरची भूक : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

दुपारी साडेतीनपासून संध्याकाळी सहापर्यंत पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांच्या फाटकाशी शाळेच्या व्हॅन आणि रिक्षा थांबू लागतात. दार उघडल्यावर पायातले बूट निघण्याच्या आत पहिला प्रश्न येतो, तो म्हणजे ‘खायला काय आहे?’ गेली अनेक वर्षे मी हा प्रश्न माझ्या घरात रोज ऐकत आले आहे आणि शेजारच्या, ओळखीच्या पालकांशी याच विषयावर सतत बोलत आले आहे. त्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची मला पटलेली उत्तरे येथे दिली आहेत.

डबा संपवूनसुद्धा मुलांना एवढी भूक कशी लागते?

डबा कधी खाल्ला, हे आधी पाहावे. सकाळच्या शाळेत मधली सुट्टी साधारण नऊ-साडेनऊला होते, तर दुपारच्या शाळेतले मूल घरून अकरा वाजता जेवून निघालेले असते. त्या सुट्टीतला निम्मा वेळ हात धुण्यात आणि पळापळीत जातो. त्यानंतरचे तास, मैदानावरचे खेळ आणि रहदारीत अडकलेल्या व्हॅनमधला प्रवास धरला, तर घरी येईपर्यंत चार-पाच तास उलटलेले असतात. मुलांचे पोट लहान असते, एका वेळी फारसे मावत नाही आणि शरीर मात्र वाढीला लागलेले असते. म्हणून ही भूक खरी मानावी. तिला ‘खाऊ’ समजून दोन बिस्किटे पुढे केली की बिघडते, कारण त्या वेळी मुलाला अर्ध्या जेवणाइतके अन्न हवे असते. पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे.

अर्धे जेवण म्हणजे नेमके किती? मग रात्री मूल जेवत नाही त्याचे काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० आणि ७ ते ९ वर्षांच्या मुलाला सुमारे १७०० कॅलरी लागतात. त्यातला साधारण सहावा हिस्सा या वेळेला दिला, तर तिसरी-चौथीतल्या मुलासाठी तो अडीचशे ते तीनशे कॅलरींच्या आसपास जातो. रोज मोजत बसण्याची आवश्यकता नाही. एक मध्यम थालीपीठ आणि वाटीभर दही, किंवा एक मोठी वाटी पोहे आणि एक फळ, एवढा अंदाज पुरतो.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न बहुतेक वेळा किती खाल्ले यापेक्षा केव्हा खाल्ले याचा असतो. घरात साडेआठला ताटे मांडली जात असतील, तर साडेपाचच्या आत हे खाणे उरकलेले असावे आणि त्यानंतर पाण्याखेरीज काही देऊ नये. सात वाजता फरसाणाचा डबा उघडला गेला की जेवणाची वाट लागते आणि दोष मात्र चार वाजताच्या थालीपिठाला दिला जातो.

मी स्वतः पाच वाजता कामावरून येते. दहा मिनिटांत काय होऊ शकते?

पुष्कळ काही होऊ शकते, मात्र सकाळच्या स्वयंपाकात दोन पोळ्या जास्त लाटलेल्या हव्यात. फोडणीची पोळी हा मला या वेळेचा सर्वांत भरवशाचा पदार्थ वाटतो. पोळ्या हातानेच कुस्कराव्यात. मिक्सरमधून काढल्या की त्यांचा भुगा होतो आणि तो कढईत गोळा होऊन बसतो, तर हाताने केलेले नखाएवढे तुकडे फोडणी धरून ठेवतात आणि कडांना थोडे कुरकुरीतही होतात. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि मूठभर शेंगदाणे टाकावेत. शेंगदाणे लालसर झाल्यावर बारीक चिरलेला कांदा घालावा, तो मऊ झाला की कुस्करा, मीठ, चिमूटभर साखर आणि थोडे तिखट घालून ताकाचा हबका मारावा आणि तीन मिनिटे झाकण ठेवून वाफ आणावी. सकाळची मटकीची उसळ उरली असेल, तर तीही याच कढईत मिसळावी. मुलाला अंडे चालत असेल, तर एक अंडे फोडून त्यातच परतून घेता येते.

दुसरा पदार्थ दडपे पोहे. याला गॅसपाशी दोन मिनिटेच उभे राहावे लागते. पातळ पोहे दोन वाट्या, ओला नारळ अर्धी वाटी, बारीक चिरलेला एक कांदा, एक टोमॅटो, मीठ, साखर आणि अर्धे लिंबू एवढे एका पातेल्यात हलक्या हाताने कालवून त्यावर ताटली ठेवावी आणि ताटलीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून द्यावा. कांदा-टोमॅटोच्या आणि नारळाच्या ओलाव्यात पोहे दडपले जाऊन आपोआप मऊ होतात. मूल हातपाय धुऊन कपडे बदलेपर्यंत ते तयार असतात. वरून शेंगदाण्यांची आणि हिरव्या मिरचीची फोडणी घालावी. मिरचीचे मोठे तुकडे ठेवावेत, म्हणजे लहानांना ते बाजूला काढता येतात. पोहे पाण्याने भिजवून केले, तर चव निघून जाते. दडपण्याची ही दहा मिनिटे वाचवू नयेत.

याखेरीज बेसनाचे किंवा भिजवून वाटलेल्या मूगडाळीचे धिरडे, सकाळच्या भाताचा फोडणीचा भात, तूप-मीठ किंवा तूप-गूळ लावलेली पोळीची गुंडाळी, मेतकूट-दही-पोहे हे सर्व दहा मिनिटांच्या आतले आहे.

पोटभर पोहे खाऊनही तासाभरात ‘पुन्हा भूक लागली’ असे मूल म्हणते. हे कशाने?

नुसते पोहे, नुसता उपमा किंवा नुसते चुरमुरे म्हणजे मुख्यतः पिष्ट. ते लवकर पचते. त्यात प्रथिने आणि थोडी स्निग्धता पडली की पोट अधिक वेळ भरलेले राहते. म्हणून प्रत्येक पदार्थाला एक जोडीदार द्यावा. पोह्यांत शेंगदाणे सढळ हाताने घालावेत आणि सोबत दही ठेवावे. उपम्यात मटार आणि थोडी परतलेली उडदाची डाळ घालावी. भेळ करायची असेल, तर तिच्यात वाफवलेली मटकी किंवा उकडलेले हरभरे घालावेत. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे ३० ग्रॅमच्या मुठीतून सात ग्रॅमहून अधिक मिळतात. ७ ते ९ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज २३ ग्रॅमच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले तर त्या एका मुठीची किंमत कळते. उकडलेल्या एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात.

पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपल्याकडची रीत चवीपुरती नाही. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-कडधान्यांतले लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते. याच कारणाने मुलांना या खाण्याबरोबर चहा देऊ नये, कारण चहातली टॅनिने हे शोषण कमी करतात.

थालीपिठाची भाजणी घरी करणे आता कोणाला जमते? विकतची चालेल का?

विकतची चालेल. पुण्यात पेठांपासून उपनगरांपर्यंत महिला बचत गटांची आणि घरगुती उद्योगांची चांगली भाजणी मिळते. पाकिटावरची दळण्याची तारीख पाहून घ्यावी आणि उघडल्यावर भाजणीचा वास खमंग आहे ना, हे तपासावे. खवट वास आला, तर ती परत करावी.

तरीही एकदा घरी करून पाहावी असे मी आवर्जून सांगते, कारण वर्षातून तीन-चार वेळा अर्धा दिवस दिला की चार वाजताच्या भुकेचा मोठा भार हलका होतो. माझे प्रमाण असे आहे : ज्वारी अर्धा किलो, बाजरी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकी पाव किलो, सालीचे काळे उडीद आणि गहू प्रत्येकी १०० ग्रॅम, धणे ५० ग्रॅम आणि जिरे दोन मोठे चमचे. प्रत्येक धान्य मंद आचेवर वेगवेगळे भाजावे. एकत्र भाजले, तर डाळ करपेपर्यंत ज्वारी कच्चीच राहते. धान्य पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत न्यावे, दळण किंचित रवाळ मागावे आणि ते हरभऱ्याच्या किंवा ज्वारीच्या दळणानंतर टाकण्यास सांगावे, म्हणजे चक्कीत राहिलेले आधीचे पीठ मिसळले तरी बिघडत नाही. नाचणी घालायची असल्यास पाव किलोपर्यंत घालावी. नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे दूध नाकारणाऱ्या मुलांसाठी तिचा विशेष उपयोग आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून नाचणी, बाजरी आणि राळे शहरातल्या दुकानांतही सहज मिळू लागले आहेत.

थालीपीठ ओल्या फडक्यावर थापावे. भाजणीत किसलेला दुधी, गाजर, चिरलेली मेथी, कांदा यांपैकी जे हाती असेल ते घालावे आणि पाणी बेताचे घ्यावे, कारण मीठ लागताच भाजीचे पाणी सुटते. फडके उचलून थालीपीठ तव्यावर उलटे टाकताना ते अलगद सुटले, की पीठ नेमके भिजले आहे असे समजावे. मधे बोटाने पाडलेल्या भोकांत तेलाचा एकेक थेंब सोडावा, झाकण ठेवावे आणि कडांना चुर्र असा आवाज येऊन वाफ दिसू लागली की उलटावे. वर लोण्याचा गोळा विरघळत असताना मुलाच्या पुढे ठेवलेले थालीपीठ सहसा ताटात उरत नाही, मग त्यात दुधी असला तरी.

रोज एक ग्लास दुधात पौष्टिक पावडर घालून दिली, की पुरेसे नाही का?

दूध उत्तम आहे, पावडरीचा आग्रह मात्र सोडावा. डब्यावरची माहिती वाचली, तर माल्टयुक्त पावडरींत साखरेचा वाटा बराच मोठा असल्याचे दिसते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले, कारण अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. दुधाला चव हवी असेल, तर नाचणीचे सत्त्व शिजवून घालावे, किंवा दोन खजूर आणि तीन-चार बदाम भिजवून वाटून घालावेत. केवळ दुधाने या वेळची भूक भागत नाही, सोबत चावून खाण्याजोगे काही असावे.

बिस्किटे, खारी, टोस्ट पूर्णपणे बंद करावेत का?

पुणे हे बेकऱ्यांचे शहर आहे. सकाळच्या भट्टीतून निघालेली खारी आणि श्रूजबेरी बिस्किटे यांच्याशी आपल्या अनेक पिढ्यांच्या आठवणी जोडलेल्या आहेत आणि त्या मुलांच्या वाट्याला येऊच नयेत, असे मला वाटत नाही. मात्र मैदा, साखर आणि वनस्पती तूप किंवा लोणी यांपासून झालेला हा पदार्थ रविवारी चार घास खाण्याचा आहे, रोजच्या भुकेचा नाही. पाकीटबंद बिस्किटे घेताना मागची यादी वाचावी. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे पहिल्या तीन नावांत मैदा, साखर आणि पामतेल असेल, तर पुढे ‘ओट्सयुक्त’ किंवा ‘बहुधान्य’ काहीही लिहिलेले असो, मूल मुख्यतः काय खाणार हे स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर रोजच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांपर्यंत आणली तर अधिक चांगले. १७०० कॅलरींच्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे दिवसभरात सुमारे २० ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार-पाच लहान चमचे.

मग गोड काही द्यायचेच नाही का? आमच्याकडे आजी रोज लाडू देतात.

आजींच्या लाडवाला हात लावू नये! शेंगदाण्याचे कूट आणि गूळ यांचा लाडू, राजगिऱ्याचा लाडू, पोळी कुस्करून तूप-गुळात वळलेला लाडू किंवा थंडीत अळिवाचा लाडू हे बिस्किटांपेक्षा कितीतरी उजवे आहेत, कारण त्यांतून गोडाबरोबर प्रथिने, लोह किंवा तंतू पोटात जातात. गूळही साखरच आहे, हे मात्र विसरू नये. एक लहान लाडू आणि त्याबरोबर तिखटमिठाचे काही, असा मेळ ठेवावा. चिक्की आणि लाडू दातांना चिकटतात, म्हणून खाऊन झाल्यावर चूळ भरण्याची सवय लावावी. आजी-आजोबांशी या विषयावर वाद घालण्यापेक्षा त्यांच्या हाती कोणते डबे असतील, हे आपण ठरवावे. बिस्किटांचा पुडा घरातच नसेल, तर प्रेमाने तो कोणी पुढे करणार नाही.

फळे मुलाला आवडत नाहीत. काय करावे?

ऋतूतले फळ आणि कापून ठेवलेले फळ, या दोन गोष्टींनी बराच फरक पडतो. अख्खे सफरचंद टोपलीत तसेच राहते. त्याच्या फोडी करून, मीठ-तिखट भुरभुरून ताटलीत ठेवल्या की येता-जाता संपतात. पुण्याला फळांची उणीव नाही. पावसाळ्याच्या शेवटी पुरंदर तालुक्यातली सीताफळे मंडईत येतात, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले पुरंदरचे अंजीर त्याच भागातले. थंडीत पेरू, बोरे, संत्री आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, उन्हाळ्यात कलिंगड, आंबा आणि करवंदे, जूनच्या सुमारास जांभळे अशी वर्षभराची रांगच लागलेली असते. सीताफळ मुलाच्या हाती द्यावे आणि त्याला सावकाश बिया काढत खाऊ द्यावे. वीस मिनिटे शांतपणे जातात आणि पडदा समोर नसतानाही मूल एका जागी बसते, हे मी स्वतः पाहिले आहे.

फळांसारखेच कंद आणि शेंगाही आठवाव्यात. उकडलेले रताळे तूप-गुळाबरोबर, पावसाळ्यात ओल्या भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा आणि भाजलेले कणीस, डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या ज्वारीचा हुरडा आणि त्यावर शेंगदाण्याची चटणी. कुकरची एक शिट्टी किंवा गॅसवरची जाळी, एवढीच त्यांची मागणी असते. एप्रिलच्या उन्हात घरी येणाऱ्या मुलाला आधी कैरीचे पन्हे किंवा ताक द्यावे आणि खाणे दहा मिनिटांनी, कारण तहान आणि भूक यांत त्या वेळी मुलाला स्वतःला फरक करता येत नाही.

शाळेच्या बाहेरच वडापावची गाडी आहे, मूल तिथेच थांबते.

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार स्निग्धांश, मीठ आणि साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास मनाई आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा नियम जरूर मांडावा. परंतु ५१व्या मीटरवर वडापाव मिळणारच, म्हणून भूक तिथपर्यंत पोहोचण्याआधी भागवणे हा खरा उपाय आहे. दप्तरात शेंगदाण्याचा एखादा लाडू किंवा गूळ-दाण्यांची लहान डबी वेगळी ठेवावी, व्हॅनमध्ये बसताच खाण्यासाठी. शनिवारी घरी वडे करावेत आणि मुलाला पाव कापायला बसवावे. चव परकी ठेवली नाही, तर हट्ट कमी होतो.

झटपट नूडल्स आठवड्यातून किती वेळा चालतील?

एकदा, तेही मसाल्याची पुडी निम्मीच वापरून आणि गाजर, कोबी, मटार किंवा अंडे घालून. त्या पुडीत मीठ फार असते.

शिळी पोळी, शिळा भात मुलांना देणे सुरक्षित आहे का?

पोळीचा प्रश्न फारसा येत नाही, सकाळची पोळी डब्यात झाकलेली असेल तर संध्याकाळी चांगली असते. भाताबाबत मात्र सावध राहावे. शिजलेला भात उबदार हवेत तासन् तास ओट्यावर राहिला, तर त्यात असे जंतू वाढतात की त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून सकाळचा भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा आणि संध्याकाळी तो वाफ येईपर्यंत परतला जावा. ओल्या नारळाची चटणी आणि मोड आलेली कडधान्येही फ्रिजमध्येच ठेवावीत. मोड आलेली मटकी लहान मुलांना कच्ची न देता वाफवून द्यावी.

धाकटे मूल तीन वर्षांचे आहे. मोठ्याचे खाणे त्याला चालेल का?

पदार्थ तेच चालतील, रूप बदलावे लागेल. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिक्कीचे तुकडे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. शेंगदाण्यांचे कूट करावे, द्राक्षे उभी चिरावीत आणि मूल पळत असताना किंवा हसत असताना घास भरवू नये. शेंगदाण्यांनी अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे असे काही घडले, तर ते पुन्हा न देता डॉक्टरांना दाखवावे. घरी खेळायला आलेल्या इतर मुलांना काही देण्यापूर्वीही त्यांच्या आईला विचारून घ्यावे.

मूल घरी येते तेव्हा घरात कोणीच नसते. गॅस पेटवायला नको आहे.

अशा घरांसाठी आदल्या रात्रीची पंधरा मिनिटे महत्त्वाची ठरतात. फ्रिजमध्ये मुलाच्या हाताला येईल अशा एकाच फळीवर त्या दिवसाचे सगळे ठेवावे : दह्याची वाटी, चिरलेली काकडी-गाजर, उकडलेले अंडे, चटणी-तूप लावून गुंडाळलेली पोळी. ओट्यावरच्या डब्यात भडंग किंवा चुरमुऱ्यांचा चिवडा असावा, त्यात डाळे आणि शेंगदाणे भरपूर घालावेत. चौथी-पाचवीतले मूल दही-पोहे स्वतः कालवू शकते. पोहे धुऊन पाच मिनिटे ठेवायचे, त्यात दही, मीठ आणि मेतकूट घालायचे, एवढे दोन रविवार शेजारी उभे राहून शिकवले की पुरते. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवली असेल, तर डबे कोठे आहेत हेही त्यांना सांगून ठेवावे.

साडेपाचला क्लास, सहाला मैदान. खायला वेळच कुठे आहे?

खेळायला जाण्याच्या तासभर आधी हलके खाणे व्हावे : केळे आणि मूठभर डाळे-शेंगदाणे, किंवा एक गुंडाळी. तळलेले किंवा फार तिखट खाऊन धावले, की पोटात दुखते. उरलेले अर्धे डब्यात द्यावे आणि ते मैदानावरून परतताना खायला सांगावे. डबा घट्ट झाकणाचा असावा, थालीपिठाचे चार तुकडे करून मधे केळीचे पान किंवा सुती फडके ठेवले, तर ते घाम धरून चिवट होत नाही. त्या दिवशी रात्रीची ताटे अर्धा तास उशिरा मांडली तरी चालतात.